पत्त्याचा पुरावा
(उमरोळी येथील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



परदेशी गेलेल्या आपल्या माणसांविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची सूचना आहे. आम्ही स्वतः परदेश पाहिलेला नाही. परंतु २०२३ च्या जानेवारीत आमची धाकटी बहीण लंडनच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून रुजू झाली. सोबत मेहुणे आणि नऊ वर्षांची भाची. त्यांचे पहिले काही आठवडे आम्ही रोज रात्री साडेअकराच्या फोनवर ऐकले. तेव्हा तेथे संध्याकाळचे सहा वाजलेले असत आणि अंधार पडून दोन तास झालेले असत.

पहिल्याच दिवशी मेहुणे बसमध्ये नाणी पुढे करून उभे राहिले. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. ड्रायव्हरने मान हलवली, मेहुणे खाली उतरले. ही गंमत झाली. खरी अडचण पुढे होती. घर भाड्याने घ्यायचे तर मालक बँकेचे खाते मागे. खाते उघडायचे तर बँक पत्त्याचा पुरावा मागे. पगार खात्यातच जमा होणार, आणि भाचीच्या शाळाप्रवेशालाही पत्ता हवा. रुग्णालयाने महिन्यासाठी दिलेल्या खोलीच्या खिडकीत बसून ती पोर बसगाड्या मोजी. "मामा, आज एकशे चौदा झाल्या," असे सांगे. आम्हांस हसू येत नसे.

शेवटी तेथील बँकेच्या काउंटरवरील एका बाईंनी जागेवरून उठून कागदावर लिहून दिले, "रुग्णालयाचे पत्र आणा, चालेल." एका पत्राने सारे कुलूप उघडले. चौथ्या आठवड्यात भाची शाळेत गेली.

मित्रांनो, १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्यांनाही मुक्काम बदलावे लागले. हार्टले हॉलमधील जेवण रुचले नाही म्हणून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या मित्राबरोबर राहिले. परक्या शहरात त्यांना खोली मिळाली. पण १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास गेल्यावर त्यांना नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. एवढा शिकलेला माणूस त्या शहरात बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहत राहिला. ज्या रुळांवरून ते बडोद्यास गेले, ते रूळ आपल्या उमरोळी स्टेशनातूनच जातात.

आता आमची गोष्ट. आम्ही बँकेत कारकून आहोत. बहीण जाण्याच्या आदल्या वर्षी ओडिशातील एक कामगार आमच्या काउंटरवर आला. तारापूर एमआयडीसीत काम, बोईसरला चाळीत आठ जणांत एक खोली, आधार कार्डावर गावचा पत्ता. "इथल्या पत्त्याचा पुरावा आणा," म्हणून आम्ही त्याला दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा तो आला नाही. आधारची बोटांच्या ठशांनी पडताळणी झाली, तर सध्याचा पत्ता स्वतः लिहून देता येतो. कागदपत्रेच नसतील, तर फोटो आणि सही-अंगठ्यावर छोटे खातेही उघडता येते. हे दोन्ही नियम आम्हांस ठाऊक होते. रांग मोठी होती म्हणून सांगितले नाहीत, एवढेच. बहिणीचा फोन ठेवला की तो माणूस डोळ्यांसमोर येई. जागेवरून उठलेल्या त्या बाईंसारखे आम्ही का उठलो नाही?

त्यानंतर आम्ही काउंटरवर मराठीत आणि हिंदीत यादी लावली आहे: काय आणावे, आणि ते नसेल तर काय चालेल. तो कामगार मात्र पुन्हा दिसला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही परदेशी जरूर जा. जाताना प्रमाणपत्रांच्या प्रती आणि मालकाचे किंवा विद्यापीठाचे पत्र हाताशी ठेवा. जे जाणार नाहीत, त्यांनी एवढे करावे. बोईसर-पालघरला रोज कोणी ना कोणी कुटुंब ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरते. त्यांच्यासाठी आपले गावच परके शहर आहे. त्यांचा फॉर्म भरून द्या, शाळेचा दरवाजा दाखवा. आपल्या संस्थेने रविवारी दोन तास यासाठी द्यावेत, अशी आमची विनंती आहे. पहिल्या रविवारी टेबलावर आम्ही बसू.

जयभीम!