सपाट फिल्म आणि स्पष्ट चेहरा
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



छायाचित्रणावर चार शब्द सांगावेत असा कार्यवाहांनी आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. मी केवळ हौशी माणूस. परंतु महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुने फोटो निवडताना माझाच एक जुना फोटो हाती आला, आणि त्याविषयीच बोलावे असे ठरविले.

फोटो आहे आपल्या एका वार्षिक संमेलनाचा. मागे कार्यकर्ते उभे, पुढे खुर्च्यांवर वडील मंडळी, आणि मधोमध आपल्या शिवणवर्गाच्या काकू. उभ्या मंडळींच्या सदऱ्याची गुंडीसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. पण बसलेली रांग धुरकट. मिनिटाभराने मी दुसरा फोटो घेतला. त्यात खुर्च्यांची रांग अगदी स्वच्छ आली. मात्र तेवढ्यात प्रसादाची व्यवस्था पाहावयास काकू उठून गेल्या होत्या. दुसऱ्या फोटोत त्यांची खुर्ची स्पष्ट आहे आणि रिकामी आहे. त्यानंतर काकूंचा फोटो घेण्याचा योग आला नाही.

कॅमेरा तोच, भिंग तेच, जागा तीच. मग दोष कोणाचा? माझा हात हलला म्हणावे तर मागची मंडळी कशी स्पष्ट आली? बरेच दिवस विचार केल्यावर उलगडा झाला. दोष फिल्मच्या वाकण्याचा होता.

आपल्या गावाला या विद्येची परंपरा जुनी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू झाले, आणि पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके तेथेच छायाचित्रण शिकले. त्या काळी बहुतेक फोटो काचेच्या प्लेटवर घेत. काच जड आणि हातून पडली की फुटणारी. पण एक गुण मोठा, ती वाकत नाही. भिंगाने प्रतिमा जेथे पाडली तेथे ती मुकाट्याने उभी असे.

पुढे गुंडाळीची फिल्म आली. ज्या १२० क्रमांकाच्या फिल्मवर माझा फोटो आहे, ती १९०१ पासूनची. तिच्यावर ५६ मिलिमीटर लांबीरुंदीचे चौरस चित्र येते. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चित्राच्या साडेतीन पटींहून मोठे. म्हणूनच जाणकार तिला मान देतात. आपल्या शहरात अखेरची वर्षे राहिलेल्या आणि २०१२ मध्ये येथेच निवर्तलेल्या होमाई व्यारावाला यांनी देशाच्या स्वातंत्र्याचे क्षण टिपले, तेव्हा त्यांच्या हाती स्पीड ग्राफिकप्रमाणेच रोलीफ्लेक्सही असे. माझाही कॅमेरा त्याच घडणीचा, दोन भिंगांचा.

या कॅमेऱ्यात फिल्मची गुंडाळी तळाशी बसते. तेथून फिल्म एका रुळावरून जवळजवळ काटकोनात वळून वर चढते आणि चित्राच्या चौकटीमागे येते. पाठीशी तिला सावरणारी प्रेशर प्लेट असते. परंतु फिल्म आणि तिच्यामागचा कागद सरकावयास थोडी मोकळीक ठेवावीच लागते. त्या मोकळिकीत फिल्म किंचित फुगू शकते. त्यातून ती रात्रभर रुळावर वाकून राहिली, तर तेथे बाक धरते. पुढे फिरविल्यावर तो बाक नेमका चित्राच्या चौकटीत येतो.

मी हेच केले होते. आदल्या संध्याकाळी फिल्म भरून ठेवली. सकाळी मंडपाचा एक फोटो घेतला, फिल्म पुढे फिरविली आणि लगेच मंडळींचा फोटो घेतला. रात्रभर वाकलेला भाग चौकटीच्या वरच्या अंगाला आला. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते. म्हणून फटका बसला तो खालच्या रांगेला.

आता थोडे गणित. भिंग एफ ३.५ वर उघडे असेल आणि मोठ्या आकारात स्वच्छ फोटो हवा असेल, तर फिल्म आपल्या जागेपासून सुमारे ०.१ मिलिमीटरहून अधिक सरकता कामा नये. म्हणजे वहीच्या एका कागदाची जाडी! भिंग एफ ११ पर्यंत बारीक केले तर हीच सवलत तिपटीने वाढते. मंडपात उजेड कमी म्हणून मी भिंग पुरते उघडले होते.

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सोडवावा लागला. विमानातून नकाशासाठी फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांत मागून हवा ओढून फिल्म ताठ बसवीत. १९६९ मध्ये अपोलो ११ बरोबर चंद्रावर गेलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यात फिल्मपुढे बारीक फुल्यांची काच होती. फिल्म कोठे ताणली वा आकसली, तर फुल्यांमधील अंतरावरून ते मोजता यावे हा तिचा हेतू.

आपल्याला इतके नको. फिल्म कार्याच्या वेळीच भरावी आणि सलग वापरावी. मध्ये बराच खंड पडला तर पुढचे एक चित्र खुशाल वाया घालवावे. उजेड असेल तर भिंग बारीक करावे. त्या दिवशी एक चित्र वाया घालविण्याचा मी कंजूषपणा केला. ते चित्र किती महागात पडले हे आपण ऐकलेच.

मोबाइलवर फोटो घेणारी तरुण मंडळी म्हणतील, आमच्या यंत्रात फिल्मच नाही. खरे आहे, तेथे प्रतिमा घट्ट बसविलेल्या सपाट चकतीवर पडते. पण तुमच्या आजोबांच्या पेटीतल्या निगेटिव्हचे काय? आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या वळतात. तशाच स्कॅनरवर ठेवल्या तर हाच दोष पुन्हा येतो. त्यांना इस्त्री लावू नका, ऊन दाखवू नका. स्वच्छ कागदी पाकिटात घालून जाड पुस्तकाखाली काही दिवस ठेवा, आणि पावसाळ्यात ओलीपासून जपा.

माझी एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी संस्थेच्या जुन्या निगेटिव्ह असतील, त्यांनी त्या कार्यालयात आणून द्याव्यात. सपाट करून, प्रत काढून परत देण्याचे काम मी अंगावर घेतो. कोणाच्या तरी पेटीत काकूंचा एखादा स्पष्ट फोटो असेल, ही आशा मी अजून सोडलेली नाही.