‘आप जैसा कोई’ आणि आमचे हळदीकुंकू

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. मी काही वक्ती नव्हे. पण त्यांनी विषय विचारला आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेले, “एका डिस्को गाण्याविषयी बोलू का?” त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईने भजनाविषयी बोलावे, फार तर लोणच्याच्या मसाल्याविषयी; हे डिस्को कुठून काढले, असे त्यांना वाटले असणार. पण या गाण्याशी माझे एक जुने देणे आहे, आणि ते या मंडळातच फेडावयाचे आहे. म्हणून थोडे ऐकून घ्या.

गाणे आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. १९८० साली ‘कुर्बानी’ नावाचा हिंदी चित्रपट आला. फिरोज खान, विनोद खन्ना आणि झीनत अमान त्यात होते. त्यातले ‘आप जैसा कोई’ हे गाणे त्या वर्षी गणपतीच्या मांडवातून, लग्नाच्या वरातीतून, उपाहारगृहातून, जेथे म्हणून कर्णा लावता येईल तेथून ऐकू येई. मी ते पहिल्यांदा ऐकले ते आमच्या आळीतल्या गणपतीपुढे. सकाळची आरती आटोपते न आटोपते तोच मुलांनी तबकडी लावली. सासूबाई म्हणाल्या, “हे काय ग, कोणी दार ठोठावते आहे की काय?” त्यांचेही खोटे नव्हते. डिस्कोचा ठेकाच तसा. आपल्या केरव्यात सम कुठे आणि काल कुठे, हे कानाला लगेच कळते. डिस्कोत मोठ्या ढोलाचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारख्याच जोराने पडतो. मिनिटाला साधारण १२० ठोके. म्हणून ज्याला तालाचे काही कळत नाही, त्याचाही पाय आपोआप हलू लागतो. अमेरिकेतल्या नाचघरांतून हे संगीत वर आले आणि १९७० नंतरच्या दहा वर्षांत जगभर गेले.

आता हे गाणे झाले कसे, ते पाहा. लंडनमध्ये बिड्डू नावाचे एक संगीतकार राहत होते. नाव परके वाटले तरी माणूस आपलाच, बंगलोरचा. तरुणपणी गाण्याच्या वेडापायी ते विलायतेला गेले. १९७४ साली त्यांनी कार्ल डग्लस या गायकाकडून ‘कुंग फू फायटिंग’ हे गाणे करून घेतले. ते तबकडीच्या मागच्या बाजूसाठी केलेले, ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकलेले. पण लोकांनी मागचीच बाजू उचलून धरली आणि ते इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. फिरोज खान हेही मूळचे बंगलोरचेच. ‘कुर्बानी’ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची होती, पण एक गाणे अगदी नव्या धाटणीचे हवे, म्हणून त्यांनी बिड्डूंना गाठले.

गायिका कोण? तर लंडनमध्ये एका मेजवानीत फिरोज खान यांना भेटलेली एक शाळकरी मुलगी. तिचे नाव नाझिया हसन. जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५ चा. बालपण थोडे कराचीत, थोडे लंडनला गेलेले. ध्वनिमुद्रण झाले तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. शब्द इंदीवर यांचे. ‘सरस्वतीचंद्र’मधली गाणी लिहिणारे जे इंदीवर, तेच हे.

त्या काळी मुंबईत गाणे कसे होई, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. व्हायोलिनवाले, तबलजी, सतारिये असे पन्नास-साठ वादक एका दालनात बसत, गायिका काचेच्या खोलीत उभी राही आणि सर्वांनी मिळून एकदम गाणे पुरे करावयाचे. एकाचा सूर चुकला की सर्वांना पहिल्यापासून. लंडनला हे गाणे २४ मार्गांच्या फितीवर झाले. म्हणजे ढोल एका मार्गावर, गिटार दुसऱ्यावर, विजेवर चालणारी पेटी तिसऱ्यावर. जो तो आपापल्या वेळी येऊन वाजवून जाणार आणि मागाहून सगळे एकत्र जुळवावयाचे. नाझियाचा आवाज कोवळा होता. तो त्या ठोक्यांखाली दबू नये म्हणून एकावर एक असा दुहेरी चढविला. त्यामुळेच तो आवाज पातळ असूनही भरीव वाटतो आणि जरा दुरून आल्यासारखा लागतो. पडद्यावर झीनत अमान दिसते, पण कान ओळखतो की ही मुलगी आहे, शिकविलेली गायिका नव्हे.

१९८१ साली या गाण्यासाठी नाझियाला ‘फिल्मफेअर’चे पार्श्वगायिकेचे पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ती सर्वांत लहान गायिका. येथे आपल्या अभिमानाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. लताबाईंनी १९६९ सालीच सांगून टाकले होते की, यापुढे माझे नाव या पारितोषिकासाठी धरू नका, नव्या मुलींना मिळू द्या. आशाबाईंनी १९७९ च्या पारितोषिकानंतर तेच केले. नाझियाच्या यशाचे श्रेय तिचेच. पण दोन मोठ्या बहिणी आपण होऊन बाजूला सरल्या होत्या, हेही विसरू नये. ज्यांनी स्वतः लहान वयात गळ्यावर घर चालविले, त्यांना ही जाण असावी यात नवल नाही. आशाबाईंचे पहिले चित्रपटगीत १९४३ च्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटातले. तेव्हा त्यांचे वय दहाच्या आसपास होते.

भगिनींनो, आता माझ्या देण्याकडे येते.

जानेवारी १९८१. आपल्या मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू होते आणि करमणुकीचा कार्यक्रम माझ्याकडे होता. वय अठ्ठावीस, अंगात उत्साह, आणि त्याहून जास्त धाक. मुलींची नावे मी एका वहीत लिहून घेत होते. कोणी भावगीत, कोणी नाट्यपद, कोणी नकला. आपल्या एका सभासद बाईंची मुलगी आली. नववीत होती, चौदा वर्षांची. म्हणाली, “ताई, मी ‘आप जैसा कोई’ म्हणणार. दादा पत्र्याच्या डब्यावर ठेका धरणार आहे.” मी म्हटले, “म्हणून दाखव बघू.” तिने स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणून दाखविले. भगिनींनो, ते चांगले होते. हे मी आज सांगते आहे. त्या दिवशी सांगितले नाही. मी वहीतल्या तिच्या नावावर रेघ मारली आणि म्हटले, “हे असले गाणे बायकांच्या समारंभात शोभत नाही. एखादे भक्तिगीत बसव.”

ती मुलगी उद्धट नव्हती. ती एवढेच म्हणाली, “ताई, ते गाणारी पण माझ्याएवढीच आहे.”

मी उत्तर दिले, “ती सिनेमात गाते. तू मंडळात गाणार आहेस.”

हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचे वाटले होते.

हळदीकुंकवाच्या दिवशी ती आली, पण गायली नाही. तिळगुळाची ताटे फिरवीत होती. तिची आई मला काही बोलली नाही, आणि मीही विचारले नाही.

मी असे का केले, याचा पुढे पुष्कळ विचार केला. गाण्याचे शब्द वाईट होते का? एका स्त्रीने एका पुरुषाला सांगावे की तुझ्यासारखा कोणी माझ्या आयुष्यात आला तर बरे होईल, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या गौळणींतून आणि लावण्यांतून याहून कितीतरी धीटपणे सांगितलेले आहे, आणि त्या आपण माना डोलावून ऐकतो. माझा विरोध शब्दांना नव्हताच. चार बायका नावे ठेवतील, अध्यक्षीणबाई काय म्हणतील, ही भीती होती. ती भीती माझी होती, पण तिची किंमत त्या मुलीने दिली. आम्ही मंडळ काढले ते बायकांना घराबाहेर चार घटका मोकळेपणा मिळावा म्हणून. आणि त्याच मंडळात मी दाराशी वही घेऊन बसले होते.

नाझियाचे पुढे काय झाले, तेही सांगते. १९८१ साली बिड्डू, नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांनी मिळून ‘डिस्को दीवाने’ हा गाण्यांचा संच काढला. चित्रपट नाही, नट नाही, नटी नाही, नुसती गाणी; तरी ती हिंदुस्थान-पाकिस्तान दोन्हीकडे घरोघर गेली. चित्रपटाबाहेरच्या हिंदी गाण्यालाही एवढा श्रोता मिळतो, हे त्याने दाखवून दिले. पुढे १९९५ साली बिड्डूंनीच अलिशा चिनॉयकडून ‘मेड इन इंडिया’ गाऊन घेतले, तेही चित्रपटाबाहेरचेच. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ने तर हा ठेका रशियापर्यंत नेला. नाझिया मात्र गाण्यातच अडकून राहिली नाही. ती लंडनला शिकली, कायद्याचा अभ्यास केला, कराचीतल्या गरीब मुलांसाठी काम केले. संसारात तिला सुख लाभले नाही. फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये ती वारली. वय अवघे ३५. गाणे मात्र चालूच आहे. ‘डिस्को दीवाने’ २०१२ च्या एका हिंदी चित्रपटात पुन्हा घेतले, ‘आप जैसा कोई’ २०२२ च्या एका चित्रपटात. माझी नात त्यावर नाचली तेव्हा तिला वाटले की हे नवेच गाणे आहे.

नाझिया गेल्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा मला आधी आठवली ती आपली ती मुलगी. पण भेट झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका डोहाळजेवणात. तीच सासू झालेली, सुनेचे डोहाळे पुरवीत होती. मी धीर करून विचारले, “तुला ती १९८१ ची संक्रांत आठवते का ग?” ती हसली. म्हणाली, “ताई, आठवते ना. गाणे अजून पाठ आहे.” मग जरा थांबून म्हणाली, “मी गाणे सोडले नाही हो. लोकांपुढे गाणे सोडले. घरात भांडी घासताना म्हणते.”

यावर मी काय बोलणार? क्षमा मागितली. ती म्हणाली, “अहो, एवढे काय त्यात!” पण एवढे होतेच त्यात. चौदाव्या वर्षी एका मुलीला घरच्यांनी लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात उभे केले. चौदाव्या वर्षी दुसरीला मी स्वयंपाकघराच्या दारातून परत पाठविले. दोघींच्या गळ्यांची तुलना मी करीत नाही. आपली ही मुलगी मोठी गायिका झाली असती, असेही मी म्हणत नाही. ती चार बायकांत उभी राहून गायली असती, टाळ्या घेऊन घरी गेली असती आणि पुढच्या वर्षी पुन्हा आली असती. तेवढेही पुष्कळ होते.

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. यंदापासून मुलींच्या कार्यक्रमाची यादी मुलींनीच करावी. काय गावे, कशावर नाचावे, हे त्यांनी ठरवावे. आपण मोठ्यांनी सतरंज्या घालाव्या, चहा करावा आणि पुढच्या रांगेत बसून ऐकावे. एखादे गाणे आपल्याला आवडले नाही तर आवडले नाही म्हणावे, पण ते ऐकून झाल्यावर. वहीत रेघ मारण्याचे काम कोणाकडेच असू नये. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करते.

जाता जाता एकच सांगते. हे सगळे मी त्या बाईंच्या संमतीने बोलले आहे, आणि त्या आज येथे आल्या आहेत. नाव सांगणार नाही, उगीच माना वळतील. येत्या संक्रांतीला ते गाणे म्हणशील का, असे मी तिला काल विचारले. डब्यावर ठेका धरायला तिचा दादाही आहे अजून. ती म्हणाली, “बघू, ताई.”

मी यादी करणाऱ्या मुलींना एक ओळ कोरी ठेवावयास सांगितले आहे.