पानावरून उठलेला माणूस

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की आपल्या तोंडी वॉशिंग्टन, जेफरसन, फार तर जॉन अ‍ॅडम्स. ती मंडळी तुम्हाला पाठ आहेत. मला बोलायचंय मेजर जोसेफ हॉलीबद्दल. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टनचा वकील, मिलिशियातला मेजर आणि विधिमंडळातला वजनदार सभासद. लढावं लागणार, तयारीला लागा, असं त्यानं १७७४ मध्येच लिहून दिलं. अ‍ॅडम्सनं ते टिपण लढ्यातला दुसरा पुढारी पॅट्रिक हेन्री याला वाचून दाखवलं, तर हेन्री उसळून म्हणाला, मी याच माणसाच्या मताचा!

ते असो. मला १७८० चं सांगायचंय. राज्याची नवी घटना आली आणि हॉली सिनेटवर निवडून आला. अट अशी, की जागेवर बसण्याआधी ख्रिस्ती धर्मावर आपला विश्वास आहे, असं जाहीर करायचं. हॉलीनं साफ नकार दिला आणि जागा सोडली.

इथं बहुतेकांची गफलत होते. नास्तिक असेल, म्हणतात. छे! येलमधून १७४२ ला पदवी घेतलेला आणि १७४५ च्या लुईसबर्गच्या मोहिमेत सैन्याबरोबर पाद्री म्हणून गेलेला हा माणूस. श्रद्धा पक्की, चर्चचा जुना सभासद.

जुन्या घरांत अशी एखादी आजी असायची बघा. स्वतः ओलेत्यानं स्वयंपाक करील, पण पंगतीला आलेल्याला ‘संध्या केलीस का रे?’ असं दारात विचारणार नाही. जेवायला बोलावलंय ना, मग वाढा! हॉली त्याच वळणाचा. फरक इतकाच, की इथं पान त्याचंच मांडलेलं होतं. संध्या रोजची, नुसतं ‘हो’ म्हटलं की वाढप सुरू. पण असं विचारणंच गैर, म्हणून हा भरल्या पानावरून उठला. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: त्याचा विश्वास होता, आणि तरीही त्यानं ‘हो’ म्हटलं नाही.

त्याचा मुद्दा अस्सल वकिली. ज्याला देवाची भीती नाही, जो सभागृहात बसून लबाडी करणारच आहे, तो सही करताना कशाला कचरेल? मग या अटीचा उपयोग काय? अडतो तो बिचारा प्रामाणिक माणूस. ही अट १८२१ मध्ये घटनेतून गेली; हॉली १७८८ लाच वारला होता.

अजून एक सांगायचं राहिलं. त्याचा सख्खा मावसभाऊ म्हणजे प्रख्यात धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स. चर्चमध्ये घेण्याआधी श्रद्धेची कबुली हवी, असा एडवर्ड्सचा आग्रह. त्याला १७५० मध्ये गावच्या चर्चमधून काढण्यात हॉली पुढे होता. म्हणजे दारातल्या चौकशीशी भांडण तीस वर्षांपूर्वीचं! पण पुढे त्याच हॉलीनं त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ती कशाबद्दल, मताबद्दल की वागणुकीबद्दल, हे जरा नीट... स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलताहेत. वेळ संपली.