भुताचं काम करणारा नट आणि नऊ नंबरचं कार्ड



गटाच्या बैठकीत एक गोष्ट नेहमी घडते. एखादीचा मसाल्याचा नाहीतर शेवयांचा धंदा चालायला लागला, की ती म्हणते, "माझं कर्ज फिटलं. आता बैठकीला कशाला येऊ?" त्यावरून आज एका नटाची गोष्ट सांगते.

बोरिस कार्लॉफ त्याचं नाव. जन्म १८८७ सालचा, लंडनचा. वडील इंग्रज सरकारच्या मीठ खात्यात आपल्याकडे हिंदुस्थानात नोकरीला होते. पोरगा १९०९ साली कॅनडाला गेला. शेतावर मजुरी केली, गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत राबला. पुढे अमेरिकेत, हॉलिवूडला आला. तिथं सिनेमात काम मिळालं नाही की मालाचा ट्रक चालवायचा. अशी वीसेक वर्षं गेली.

१९३१ साली 'फ्रँकेन्स्टाइन' सिनेमा आला. प्रेतांचे तुकडे जोडून एक शास्त्रज्ञ माणूस तयार करतो, अशी ती भीतीची गोष्ट. तो राक्षस झाला आपला कार्लॉफ. वय जवळजवळ चव्वेचाळीस! रंगरंगोटीलाच रोज चार तास लागायचे. पायात जडशीळ बूट. त्या अवतारात दिवस-दिवस, कधी रात्रीही काम. पाठीचं दुखणं जन्मभर मागे लागलं. आणि सिनेमाच्या सुरुवातीला त्याच्या नावाच्या जागी काय होतं? नुसतं प्रश्नचिन्ह!

पण लोकांना तो राक्षस आवडला, आणि कार्लॉफचं नाव जगभर झालं. आता त्याला कुणाची गरज होती?

१९३३ साली सिनेमा कंपन्यांनी नटांचा पगार निम्म्यानं कापला. तेव्हा नटांनी आपली संघटना काढली. कंपन्या नाराज झाल्या तर काम जाईल, ही भीती होतीच. तरी कार्लॉफ पहिल्या काही सभासदांत होता. त्याच्या कार्डाचा नंबर नऊ. चार वर्षं चिकाटी धरल्यावर, १९३७ साली कंपन्यांनी संघटनेशी करार केला.

१९६९ साली तो गेला. लोक त्याला राक्षस म्हणून ओळखतात. मला मात्र ते कार्ड आठवतं. नाव झाल्यावरही तो बाकीच्यांबरोबर बसला.

तेव्हा ताई, तुमचं कर्ज फिटलं असेल, तर आनंदच आहे. पण पुढच्या बैठकीला या. जिचं अजून फिटायचंय, तिला तुमच्या शेजारी बसायचंय.