मास्टर विठ्ठल : मूकपटाचा शिलेदार



कामगार चळवळीतल्या माणसाने सिनेनटावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु नट हाही कष्टावर पोट भरणारा माणूस. मास्टर विठ्ठल यांच्याकडे आम्ही त्याच नजरेने पाहतो.

त्यांचा जन्म 1906 सालचा. लहानपण नाटक मंडळीत गेले. पुढे कोल्हापुरास बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते आले आणि 1924 च्या ‘कल्याण खजिना’त नर्तकी होऊन नाचले. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांना नायक केले. घोडदौड, तलवारीचे हात, अचाट उड्या! मूकपटाला भाषा नव्हती. शरीर बोले, आणि ते साऱ्या मुलखाला कळे. अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स जे करी, ते इथे विठ्ठल करीत. म्हणून लोक त्यांना ‘भारताचे फेअरबँक्स’ म्हणत.

मग बोलपट आला. अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीने ‘आलम आरा’साठी विठ्ठलना घेतले. करार मोडला म्हणून शारदाने त्यांना कोर्टात खेचले. बॅरिस्टर महंमदअली जीना यांनी त्यांची बाजू लढविली व विठ्ठल जिंकले. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये भारताचा पहिला बोलपट झळकला.

परंतु या नव्या पडद्याला मनगटापेक्षा जीभ हवी होती, तीही उर्दू वळणाची. ‘आलम आरा’त खुद्द नायकाच्या वाट्याला संवाद थोडे आले. पुढे विठ्ठल मराठी चित्रपटांत लहानमोठ्या भूमिका करीत राहिले. पण पहिली शान परतली नाही. पडद्याखाली बसून पेटी-तबला वाजविणाऱ्यांचे तर कामच गेले. त्यांच्यासाठी कोणता बॅरिस्टर उभा राहणार?

आम्हांला यातून एक गोष्ट दिसते. मालक सोडून जाण्याचा हक्क एकटा माणूसही कोर्टात मिळवू शकतो. यंत्र बदलले तरी अन्न तुटू नये, हा हक्क मात्र एकट्याला मिळत नाही. त्याला संघटनाच लागते.

विठ्ठल 1969 साली वारले. त्याच वर्षी महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला. तो कोणी दान दिला नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी एकजुटीने मिळविला. हिंगोलीच्या हळद बाजारात पोते उचलणाऱ्याची पाठ आणि विठ्ठलांचे मनगट यांत आम्ही भेद करीत नाही. दोन्ही कसबच आहेत. कसबाची कदर टाळ्यांनी होते, पण चूल टाळ्यांवर पेटत नाही, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.