रशियन भाषेंतील ‘तूं’ आणि ‘तुम्ही’

परकी भाषा शिकूं लागणाऱ्यास प्रथम व्याकरणाची धास्ती वाटते. रशियन भाषेंत सहा विभक्ति आणि तीन लिंगें आहेत. परंतु विभक्ति चुकली तर ऐकणारा हंसून सोडून देतो, सर्वनाम चुकलें तर मात्र त्याचें मन दुखावतें. ‘ति’ म्हणजे तूं आणि ‘वि’ म्हणजे तुम्ही. या दोन लहानशा शब्दांवरून त्या देशांत एके काळीं माणसाची पायरी ओळखली जात असे.

मराठी माणसास ही भाषा एका बाबतींत घरची वाटावी. रशियन मनुष्याचें पुरें नांव आपल्याप्रमाणेंच स्वतःचें, बापाचें आणि आडनांव असें तिहेरी असतें. मात्र बापाचें नांव तेथें प्रत्यय घेऊन येतें. प्योत्र याचा मुलगा इवान तो इवान पेत्रोविच, आणि मुलगी अन्ना ती अन्ना पेत्रोव्ना. शिक्षक, वैद्य, कचेरींतील वरिष्ठ यांना याच जोडनांवानें हांक मारतात. आपल्याकडे ‘राव’ आणि ‘पंत’ जें काम करीत, तें तेथें बापाचें नांव करतें.

हा मान सर्वांच्या वांट्यास सारखा येत नसे. पीटर बादशहानें १७२२ सालीं सरकारी चाकरीच्या चौदा पायऱ्या ठरविल्या. प्रत्येक पायरीचें संबोधनही पुढें ठरून गेलें. आपल्या जुन्या पत्रांतील ‘तीर्थरूप’, ‘राजमान्य राजश्री’ हे मायने ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या व्यवस्थेचें नवल वाटणार नाहीं. सैन्यांत अधिकारी शिपायास ‘ति’ म्हणे. शिपायानें मात्र पदवीचा पुरा उच्चार करूनच उत्तर द्यावयाचें.

सैबेरियांत लेना नदीच्या खोऱ्यांतील सोन्याच्या खाणींत १९१२ सालीं मजुरांनीं संप केला. निमित्त झालें तें दुकानांतून मिळालेल्या नासक्या मांसाचें. कामाचे तास आठ असावेत, पगार वाढावा, या मागण्यांबरोबरच त्यांनीं आणखी एक मागणी मांडली: आम्हांस ‘ति’ न म्हणतां ‘वि’ म्हणावें. पोटासाठीं भांडणाऱ्या माणसांना सर्वनामाचीही चाड होती. १७ एप्रिल रोजीं सैन्यानें त्यांच्यावर गोळीबार केला आणि शेंकडों मजूर हताहत झाले.

पांच वर्षांनीं बादशाही डळमळली. १४ मार्च १९१७ रोजीं पेट्रोग्राडच्या सोव्हिएटनें आपला पहिला हुकूम काढला. त्यांत अधिकाऱ्यांच्या लांबलचक पदव्या रद्द झाल्या आणि शिपायास ‘ति’ म्हणण्याची मनाई झाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सर्व मुलकी दर्जे काढून टाकण्यांत आले व ‘नागरिक’ हें एकच नांव सर्वांस देण्यांत आलें. पुढें ‘तोवारिश’, म्हणजे सोबती, हा शब्द सर्वतोमुखीं झाला. तथापि हुकमानें जीभ एकदम वळत नाहीं. सोव्हिएट काळांतही हाताखालच्या माणसास ‘ति’ म्हणणारे वरिष्ठ पुष्कळ होते.

१९९१ सालीं सोव्हिएट संघ विसर्जित झाला. आज व्यवहारांतील पत्र ‘उवाझायेमी इवान पेत्रोविच’ अशा मायन्यानें सुरू होतें. ‘उवाझायेमी’ म्हणजे आदरणीय. या मायन्यापुढें बहुधा उद्गारचिन्ह देतात. एकाच व्यक्तीस लिहितांना ‘वि’चें पहिलें अक्षर मोठें काढतात, अनेकांस लिहितांना लहान. हा भेद कानाला कळत नाहीं. तो लेखणीचाच आदर होय. शेवटीं ‘स उवाझेनियेम’, म्हणजे आदरपूर्वक, असें लिहून सही करतात.

बोलण्यांत मात्र स्नेह जुळला म्हणजे दोघांच्या संमतीनें ‘ति’ सुरू होतें. ही सूचना वडीलधाऱ्यानें करावी असा संकेत आहे; नवख्या माणसानें घाई करूं नये.

शब्द तोच असतो. रशियन मूल आईस ‘ति’ म्हणतें, भक्त प्रार्थनेंत देवासही ‘ति’ म्हणतो. मराठींतही आई आणि देव यांना आपण ‘तूं’च म्हणतों. त्यांत उणेपणा नाहीं. एकानें ‘तूं’ म्हणावें आणि दुसऱ्यास तसें उत्तर देण्याची मुभा नसावी, हें लेनाच्या मजुरांना बोंचत होतें.