तेल म्हणायचं, पण खोबरेल नव्हे

बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून एकच विचारलंय. रीलमध्ये दाखवतात ते इसेन्शियल ऑईल चेहऱ्याला थेट लावलं तर चालतं का?

नाही चालत. पण कारणही ऐका, त्यात आपल्याकडची एक भारी गोष्ट आहे.

खानदेशात, सातपुड्याच्या बाजूला रोशा नावाचं गवत उगवतं. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. पाऊस सरला, फुलोरा आला की ते कापायचं, भट्टीवर पाण्यासोबत उकळायचं आणि निघालेली वाफ थंड करायची. पाण्यावर तरंगतं ते रोशा तेल. वाफ थंड करायला भरपूर पाणी लागतं, म्हणून भट्ट्या ओढ्याकाठी असायच्या. मुंबई बंदरातून हे तेल पार इस्तंबूलला जायचं. तिथे ते गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळायचे. सरळ भेसळ! युरोपात त्याला 'टर्किश जिरेनियम' म्हणायला लागले. गवत आपलं, नाव तुर्कांचं, आणि जिरेनियमचा तर त्यात एक पाला नाही. वास मात्र जवळचा, कारण दोन्हीत जिरेनिऑल हा घटक असतो. रोशा तेलात तर तो निम्म्याहून बराच जास्त.

आता खरं जिरेनियम आपल्या नगर जिल्ह्यातही काही शेतकरी लावतात. (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागतेय.) आम्ही देवळाली प्रवराचे, म्हणजे उसाच्या पट्ट्यातले, आम्हाला टनाचा हिशोब लगेच कळतो. साधारण १ टन पाल्यातून १ लिटरच्या आसपास तेल निघतं. म्हणजे १० मिलीच्या बाटलीत १० किलो पाला. १ मिलीचे २० थेंब धरले तर एका थेंबात ५० ग्रॅम! एवढा पाला कुणी गालावर चोळेल का?

गोंधळ शब्दाचाच आहे. खोबरेल, तीळ, एरंडेल यांनाही तेल म्हणतो आणि या अर्कालाही. कागदावर एक थेंब टाकून बघा. खोबरेलाचा डाग राहतो, हे बहुतेक उडून जातं. आणि 'आयुर्वेदिक, पारंपरिक' म्हणून जे खपवतात, तिथे तर माझं डोकंच फिरतं. आपली औषधी तेलं वनस्पती तिळाच्या तेलात शिजवून करतात. त्यात मुख्य माल तिळाचं तेलच असतं. अर्काची निव्वळ बाटली वेगळी.

माझ्या मामेबहिणीने असलाच एक ऑनलाइन मागवलेला अर्क रोज रात्री पिंपल्सवर लावला. आठवड्यात गाल लाल, आग आग, सालपटं. साखरपुडा पंधरा दिवसांवर. मामी म्हणे, "नैसर्गिक आहे गं, कसा त्रास होईल?" त्वचेच्या डॉक्टरांनी आधी ती बाटलीच बंद करायला लावली. जिरेनिऑलची काहींना ॲलर्जी होते, हे जुनंच माहितीतलं आहे. युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ते ०.००१ टक्क्याहून जास्त असेल तर नाव लेबलवर छापावंच लागतं.

मग हे तेल फेकून द्यायचं का? अजिबात नाही. साबणात, अत्तरात ते उत्तम आहे. प्रयोगशाळेत काही बुरशींवर परिणामही दिसलाय, पण काचेच्या ताटलीतली बुरशी आणि तुमच्या मांडीवरचं गजकर्ण यांत फरक आहे. गजकर्णाला डॉक्टरच गाठा.

अंगाला लावायचंच असेल तर ३० मिली तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि दोन दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर विषय संपला. डोळ्यांजवळ नको, लहान बाळांना नको, गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मी बीटेकवाला माणूस, थेंबांचं गणित करून देऊ शकतो. पुरळ आधीच उठलं असेल तर मला व्हॉइस नोट नको, दवाखान्यात जा.

पुढच्या भागात गुलाबपाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचूया. घरात असेल तर फोटो काढून ठेवा.